खालचा कप्पा

(पुसेगाव. जुनं सैपाकघर आणि शेजारची कोठी यांमधली भिंत पाडून एकच मोठी खोली केली आहे. सुदाम मिस्त्री प्लायवर खुणा करतो आहे, सून मिना टेपचं दुसरं टोक धरून. सासू पार्वतीबाई दाराशी बाजेवर.)

सुदाम : एकदा करवत फिरली की मागं घेता येत न्हाई वहिनी. म्हणून पुन्हा इचारतो. खाली काय, वर काय, बराबर सांगा.

मिना : सांगितलं ना भाऊ. रोज लागतं ते कमरेपासून खांद्यापर्यंत. चहा, साखर, तेल, मीठ-मिरची. जड ते खाली, गव्हाची टाकी, ज्वारीची टाकी, सिलिंडर. कुरडया-पापड अन् सणावारची भांडी पार वर.

सुदाम : शहरातल्या बाईवानी शिकल्या की तुमी!

मिना : थोडं मोबाईलवर पाहिलं. बाकी अठरा वर्षं पायानं शिकले. चिमूटभर जिरं पायजे तर चुलीपासून उठा, अंगणातून वळसा घाला, कोठीच्या कुलपासमोर उभं राहा, आत्याबाईंना हाक मारा. फोडणी जळून कोळसा व्हायची तवर.

पार्वतीबाई : सुदाम, ह्यो वटा केवढा उंच करून राहिला रे?

सुदाम : चौतीस इंच, मावशी. वहिनीच्या मापानं.

पार्वतीबाई : अन् मह्या मापानं?

सुदाम : आता... वहिनी, तुमीच सांगा.

मिना : तुमाला कुठं सैपाक करायचाय, आत्याबाई?

पार्वतीबाई : सैपाक न्हाई गं. अखजीच्या सणाला पडले तवापासून मला उभं राहता येतं का? पर भुईवर शेगडी होती, खाली फळीवर डबे होते. सरकत-सरकत जायचे अन् घोटभर चहा करून घ्यायचे. आता भुईवर तू काही ठेवलंच न्हाईस.

मिना : भुईवर उंदरं येतात. मागच्या साली अर्धं पोतं तूर खाल्ली.

पार्वतीबाई : उंदरं काय आजच आली व्हय? म्या निंबाचा पाला घालायचे, एरंडीच्या तेलाचा हात फिरवायचे डाळीला. बारा महिने कीड लागली न्हाई मह्या कोठीत.

मिना : कीड न्हाई लागली. माणसाचा हात बी न्हाई लागला.

सुदाम : मी काय म्हणतो, वहिनी. मोरीच्या अंगाला सव्वा फूट जागा हाय. तिथं खालून एक कप्पा काढू. मावशीचा कप, चहा-साखर, बिस्कुटाचा डबा. अर्ध्या दिवसाचं काम.

मिना : तिथं ज्वारीची टाकी बसणार हाय.

सुदाम : टाकी कोपऱ्यात सरकवता येते की.

मिना : भाऊ, तुमी लाकूड कापा.

पार्वतीबाई : बोलू दे तिला, सुदाम. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. म्हणून राहिली लोकं ते काय उगीच.

मिना : तुमचे चार दिवस अठरा वर्षं चालले, आत्याबाई. माझा आज पहिलाच हाय.

पार्वतीबाई : येऊ दे मह्या पोराला, विश्वंभरला, हिंगोलीहून.

मिना : येऊ द्या. ते काय बोलणार? तवा बी गप्प होते, आता बी गप्प राहतील. तेवढा एक गुण घेतला त्यांनी मामंजींचा.

पार्वतीबाई : कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा गेला तर जीभ सुटली तुही.

मिना : जुडगा तुमी कुठं दिला? नांदेडच्या दवाखान्यात तुमाला आपरेशनला आत नेताना नर्सबाईनं कमरेचा सोडला अन् माझ्या हातात ठेवला. तुमी शुद्धीवर आल्या तर पहिलं पोराला इचारलं न्हाई. कमर चाचपली.

सुदाम : मी जरा बाहेर जाऊन बिडी पिऊन येतो.

मिना : थांबा भाऊ. तुमाला बी कळू द्या, खालचा कप्पा काहून न्हाई ते. माझी पोरगी प्रतीक्षा झाली तवा माय जवळा बाजार गावाहून एस्टीनं आली. मांडीवर पितळी डबा. डिंकाचे लाडू, सव्वा महिना पुरतील एवढे. तिनं कानातलं मोडलं होतं त्या खारीक-खोबऱ्यासाठी. माय गेली अन् डबा कोठीत गेला. कुलपात.

पार्वतीबाई : सोळा वर्षं झाली त्याला.

मिना : प्रतीक्षा पण सोळाची झाली. अंगावरचं दूध आटलं माझं. लेकरू रडरड रडायचं अन् मला कोठीतून डिंकाचा वास यायचा. पुढं बुरशी आली लाडवाला. तुमी ते म्हशीला घातले. माझ्यादेखत! वर शेजारणीला सांगत होत्या, म्हैस पान्हा चांगला सोडून राहिली म्हणून.

सुदाम : अरारा, मावशी...

पार्वतीबाई : तू मागितलेच न्हाई.

मिना : काय?

पार्वतीबाई : मागितलेच न्हाई तू. म्या रोज कुलूप उघडून बसायचे. म्हणायचे, आज मागंल, उद्या मागंल. एकदा म्हणली असतीस, आत्याबाई, लाडू द्या, तर डबाच पुढ्यात ठेवला असता.

मिना : बाळंतिणीनं मागायचं? आपल्याच मायचे लाडू?

पार्वतीबाई : मह्या सासूनं मला पाण्याचा तांब्या बी मागायला लावला. तिचं म्हणणं, सून मागती तवर घरात बोलणं राहतं. मागणं थांबलं की दोघी दोन भिताडाला. मला तेच बराबर वाटलं. अन् तुही मान ताठ. मला बी राग आला. पोरगी झाल्याचा बी होता थोडा, खोटं काहून बोलू?

मिना : बरं झालं, आज तरी खरं बोलल्या.

पार्वतीबाई : चुकलं मह्यं. म्हशीला घालताना बी कळलं होतं, चुकून राहिलं ते. पर तवर जिभंला गंज चढला होता. आता त्या उंच वट्याखाली बसून मला कपासाठी तुह्या तोंडाकडं पाहायला लावू नको, मिना. तेवढं नको.

(मिना टेप पुन्हा उलगडते.)

मिना : सुदामभाऊ, घ्या माप.

सुदाम : कशाचं?

मिना : खालच्या कप्प्याचं. तुमी मोरीच्या अंगाला म्हणत होते ना? भुईपासून एक वीत वर, म्हणजे बसून हात पोचंल. बाजूला एक बुटकी फळी, तिच्यावर बारकी इलेक्ट्रिक शेगडी मावली पायजे.

सुदाम : हे बेस झालं! हे मह्या मनातलं बोलल्या.

पार्वतीबाई : देव तुहं भलं करो, बाई. अन् कुलूप?

मिना : कुलूप न्हाई.

पार्वतीबाई : खरंच न्हाई?

मिना : न्हाई. तुमचा कप, तुमचं ताट, चहा, साखर, बिस्किटं, गोळ्या. महिन्याचं सामान एकदाच भरून ठेवीन. दोन येळंची भाकर, कालवण डब्यात घालून तिथंच ठेवत जाईन. तुमाला जवा वाटंल तवा घ्या.

पार्वतीबाई : जेवायला हाक मारशीलच की.

मिना : हाकेचं काय काम? ताट तुमचं, डबा तुमचा. तुमी मला काही मागायचं न्हाई, अन् मी तुमाला काही इचारायचं न्हाई.

पार्वतीबाई : इचारायचं न्हाई?

मिना : झाला चहा का, जेवल्या का, मीठ कमी हाय का. कशाला बोलणं? तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी. मला बी सुटल्यावानी होईल, तुमाला बी.

सुदाम : वहिनी, एवढं तोडून नका बोलू. म्हातारं माणूस हाय.

मिना : तोडलं कुठं? जे मागितलं तेच देऊन राहिले. म्या मागितलं असतं तर मला बी दिलं असतं म्हणतात ना! घ्या माप. सव्वा फूट.

सुदाम : सव्वा फूट. खोली अठरा इंच. खूण केली. मावशी, कापू ना मंग? हात पोचतो का बघा एकदा, बाजेवरून उतरून सरका जरा पुढं.

पार्वतीबाई : पोचतो रे. हात पोचतो.

सुदाम : मंग फिरवतो करवत.

पार्वतीबाई : थांब.

सुदाम : आता काय राहिलं?

पार्वतीबाई : तिथं ज्वारीची टाकीच बसव. कप वर राहू दे, तिच्या हाताशी. म्या मागत जाईन.