गोदीतली धूळ

छातीच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते. दोघंही नौदलाच्या गोदीत युद्धनौका दुरुस्त करून निवृत्त झालेले.

"तू कसा इथं? तुझी छाती तर ठणठणीत होती."

"अजून आहे. बायकोला आणलंय. आत एक्स-रे काढताहेत."

"वहिनींना काय झालं?"

"आपल्या टोळीला झालं तेच."

"अरे, त्यांनी गोदीचं तोंडही पाहिलं नाही!"

"मीच गोदी घरी न्यायचो ना. बॉयलरच्या पाइपांवरचं अ‍ॅस्बेस्टॉस फोडून आलो, की पिठात लोळल्यासारखा दिसायचो. धुण्याआधी ती माझे कपडे दारात झटकायची."

"साहेबांनी निदान तोंडाला बांधायला फडकं तरी द्यायचं!"

"दिलं होतं की. तुम्ही हसायचात, मी रोज बांधायचो."

"म्हणून वाचलास."

"हो. तेही तीच झटकायची."