रिकाम्या ताटाचा आवाज

कधीपासून म्हणजे? तारीख पाहिजे तुला? घे. साल दोन हजार पंचवीस, महिना भादवा, पितरांचा पंधरवडा बसला त्या दिवसापासून या हिलालच्या पोटात अन्न नाही. झालं समाधान? आता बस. आणि आवाज खाली — पडद्याआड ती आहे, माझी कलाबाई. सुनबाई, सुषमा, भरवतेय तिला. केस गेले तिचे, नखं काळी पडली, कान मात्र शाबूत आहेत. दाराकडे काय बघतोस? कडी मीच लावली. वाऱ्याने दार आपटतं. वारा नाही? नाही तर नाही. बस, योगराज. तुझा बाप निंबा इथे सुरतेत माझ्या जोडीला कापडाच्या लूमवर उभा राहायचा, त्याच्या पोरावर मी हात टाकीन का? जेवायला बोलावलंय तुला. ताट समोर आहे. आणि तो फोन ठेव तिकडे पलंगावर — जेवताना फोन नको. ठेव म्हटलं ना.

बघतोस काय असा? श्रावणात तू आपल्या समाजाच्या वाडीत, त्या मोठ्या हॉलमध्ये, बोललास, पांढरा कुर्ता घालून, माइक धरून. मागे भिंतीवर चित्रं. मी होतो ना पुढच्या रांगेत. कळलं मला सगळं. केमो चढवायच्या आधी पोट रिकामं ठेवायचं, म्हणजे अंगातल्या चांगल्या पेशी आडोशाला बसतात आणि गाठ एकटी उघड्यावर पडते, तिलाच औषध बसतं. असंच ना? असंच. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग मी गेलो दवाखान्यात आणि डॉक्टरीणबाईला विचारलं — मला लाज नाही विचारायची. ती हसली नाही. म्हणाली, काका, यावर अभ्यास चाललाय, कुठे कुठे डॉक्टरच्या नजरेखाली करवतात, पण पक्कं अजून काही नाही. आणि या बाईच्या अंगावर मांस राहिलं नाही. हिने एक वेळचंही चुकवायचं नाही. काट्यावर वजन उतरलं तर केमो थांबवावी लागेल. उद्या काट्यावर उभी करणार आहेत तिला. उद्या.

आता तू सांग. तू म्हणतोस उपास पाहिजे, डॉक्टरीणबाई म्हणते जेवण पाहिजे. कुणाचं ऐकायचं? मी दोघांचं ऐकलं. जेवायचं तिने — उपास माझा. सोपं आहे. अरे, बाळंतीण बाईची हरतालिका तिची जाऊ धरते की नाही? धरते. उपाशी एक, फळ दुसरीला. आपल्यात चालत आलंय हे. मी तळहातावर पाणी घेतलं, तिचं नाव घेतलं, सोडलं पाणी. उपास माझ्या पोटाला, गुण तिच्या अंगाला. तसं होत नाही? कोण म्हणतं? तू? वाडीत माइक हातात होता तेव्हा सगळं होत होतं — आता इथे कोसाडला माझ्या खोलीत बसल्यावर होईना? बरा आहेस.

जेव. हात का थांबला? काही घातलेलं नाही त्यात. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ. सुषमाच्या हाताला चव आहे. भाकरी मोड — आणि तो कांदा खा. आधी कांदा. जोरात चाव. का म्हणजे? आवाज व्हायला पाहिजे.

हे बघ, कलाबाईचा नेम आहे. ती अंथरुणातून विचारते — जेवनात का? मी जेवलो म्हटल्याशिवाय ती तोंड उघडत नाही. सुषमाने चमचा धरून ठेवला तरी दात घट्ट. म्हणून मी अन्न डब्यात काढून इथे बाहेर बसून ताटात चमचा वाजवायचो, वाटी सरकवायचो, पाणी प्यायल्यावर ढेकर द्यायचो. ताटाआड डबा घेऊन वर गच्चीवर जायचो हात धुवायच्या निमित्ताने. कावळे खायचे. पंधरवडा आहे, कावळ्यांना कुणी विचारत नाही किती खाल्लं. पण काल पाय जिन्यात अडकला. पडलो नाही, बसलो. बसलो नुसता. आज जिना व्हायचा नाही माझ्याने. आणि काल तिने सुषमाला सांगितलं — ताट रिकामं वाजतंय गं. ऐक. पडद्यापलीकडून, केमो घेतलेली बाई, रिकाम्या ताटाचा आवाज ओळखते. म्हणून तुला बोलावलं. तुझ्या दातांसाठी बोलावलं, दुसरं काही नाही. चाव.

घाम? उकाडा आहे भादव्याचा. तुला नाही आला? तू तरुण आहेस. हात थरथरतो तो लूमचा — लूमवर ज्याची जिंदगी गेली त्याचा हात थरथरतोच, बापाला विचार तुझ्या. साखर? आहे ना. आहे मला साखर, लपवलीय कुठे. गोळी चालू आहे. सकाळची घेतली, संध्याकाळची घेतो. कशी नाही घेणार, सुषमा पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहते, गिळल्यावर तोंड उघडून दाखवावं लागतं. पोराने, हेमराजने, सांगून ठेवलंय तिला — आबाची गोळी चुकवायची नाही. तो हजीऱ्याला कारखान्यात पाळीवर असतो, येईल सकाळी. मग? गोळी म्हणजे अन्न नव्हे, उपासाला चालते.

का उठलास? बस. बस खाली. खिशातून काय काढलंस — पेढा? ठेव तो. मी सांगतो ते ऐक. सुषमाला हाक मारायची असेल तर मार, मी तुझं तोंड दाबणार नाही. मार हाक. सांग की म्हातारा उपाशी आहे. ती वाटी टाकून धावत येईल, कलाबाई ऐकेल, आणि आजच्यानंतर एक शीत घेणार नाही ती तोंडात. मी ओळखतो तिला. मग उद्या काट्यावर जे होईल ते तू बघ. दवाखान्यात तू जा. डॉक्टरीणबाईला तूच सांग, पडद्यावर चित्रं लावून सांग. मारतोस हाक? नाही ना. मग जेव.

तुला वाटतं म्हातारा हट्टाला पेटलाय. हट्ट नाही हा. देणं आहे. कुणाचं काय — तिचं, दुसऱ्या कुणाचं असणार? तुला निंबाने सांगितलं असेल चौऱ्याण्णवचं. नाही सांगितलं? बरं केलं त्याने. हाच पंधरवडा होता. सुरतेत प्लेग आला म्हणाले आणि बघता बघता गल्ल्या रिकाम्या झाल्या. नंदुरबारच्या गाड्यांच्या टपावर माणसं. तुझा बाप गेला — राग नाही माझा, तू आईच्या पोटात होतास, जायलाच पाहिजे होतं. तिकडे वेड रोडच्या वस्तीत खोली होती आमची. मला ताप भरला. प्लेगच होता की साधा, कोण तपासणार, जवळच्या दवाखान्याला कुलूप. शेजारी कुणी नाही. लूमचे आवाज बंद — ती शांतता तू ऐकली नाहीस, योगराज. कलाबाईला तिचा भाऊ न्यायला आला होता, दाराबाहेरूनच बोलला. गेली नाही. मला पेज भरवायची, नंतर भाकरीचा चुरा. मी विचारायचो, तू जेवलीस? ती म्हणायची, बसते आता. आणि कोपऱ्यात पाठ करून जेवायची, ताट वाजायचं, चमचा वाजायचा. मला बरं वाटायचं. मी खायचो.

एकदा कुशीवर वळलो. ताटात काही नव्हतं. कोरं ताट, आणि ही त्याच्यावर चमचा मारतेय. एका लयीत, माणूस घास घेतो तसा — मध्ये थांबायची, चावल्यासारखी. तिने मान वळवली, बघितलं मी बघतोय ते. माझ्या ताटाकडे बोट दाखवलं — खा. बस. खा.

तिने माझ्या नावाने उपास धरला होता की घरात पीठच एकाच्यापुरतं होतं... दुकानं तर सगळी बंद होती... ते मी विचारलं नाही कधी. तिनेही सांगितलं नाही. पण मी उठलो. पाळीवर गेलो पुन्हा. पोरगा झाला, पोराचं लग्न झालं. ती मात्र तेव्हापासून अर्धपोटीच राहिली. म्हणायची, भूकच मेली माझी. आणि आता गाठ निघाली ती पोटातच. याचा त्याचा संबंध नाही म्हणते डॉक्टरीण. मीच विचारलं होतं. नसेल. ती शिकलेली आहे. तरी मी...

काय बोलत होतो? हे तुला सांगायचं नव्हतं. निंबाला सांगू नकोस.

दोन ताटं दिसतायत मला. एकच आहे ना? एकच वाढलं होतं. जीभ जड झालीय जरा, पाणी दे. नको, साखर नको त्यात, साधं पाणी. रडतोस कशाला? भाकरी संपव. अर्धी राहिलीय. डाळ पुसून घे — तिला ताटाचा शेवटचा आवाज कळतो. बोट फिरवल्याचा. हां. असा. तुझा बापही असाच जेवायचा, पाळी सुटल्यावर, हावरा. ते उपास-बिपास तुला कोणी शिकवले रे, निंबाच्या घरात?

थांब. चमचा थांबला आतला. पाऊल वाजलं. सुषमा येतेय — ताट सरकव इकडे, माझ्यापुढे. लवकर. बोटं बुडवू दे डाळीत. कुठेय डाळ... धर माझा हात, धर, बुडव. मिशीला लाव थोडी. डोळे पूस तू. तू जेवला नाहीस, तुझा उपास आहे आज, समजलं? तुला ते शोभतं.

ये सुनबाई. हो, झालं माझं. हा बसलाय नुसता, खात नाही काही. तिची वाटी दाखव. जवळ आण. आणखी जवळ, इथे अंधार आहे. दुपार आहे? असेल. दे हातात.

रिकामी.

बोट घालून बघितलं, योगराज. कोरडी आहे. पुसून खाल्लीय तिने.

ऐकलंस? विचारतेय आतून. गप्प, तू बोलू नकोस, मला बोलू दे.

हा. जेवनू मी. पोटभर जेवनू.

कडी काढ आणि जा आता. मला उठवू नका. फिटलं.