देगलूरच्या आजींची नोंद

भ्यायचं म्हणाल तर मी एकदाच लई भ्यालोय. नांदेडच्या एका दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. तिथला पेशंटच्या नोंदींचा सर्व्हर विकतच्या सिस्टिमवरून फुकटच्या लिनक्सवर न्यायचं ठरलं. रविवारी दुपारी मी जुना बंद करून नवा चालू केला, आणि तेवढ्यात वॉर्डातून सिस्टरचा फोन आला.

"सर, देगलूरच्या आजी बेशुद्ध हायेत. त्यांना कोणतं औषध चालत न्हाई, बघून सांगा. डॉक्टर इंजेक्शन भरून थांबलेत."

मी नोंद उघडली. मराठीत लिहिलेल्या सगळ्याची नुसती प्रश्नचिन्हं झाली होती.

"सर, देऊ का?"

"न्हाई! देऊ नका! मला वाचताच येईना!"

फोनवर डॉक्टर ओरडले, "मग मी दुसरं, सगळ्यांना चालतं ते देतो. तू आधी जुना चालू कर!"

जुना सर्व्हर उठायला दहा मिनिटं लागली. तोवर मी फोन धरून स्क्रीनसमोरच उभा होतो. शेवटी नोंद दिसली. आजींना न चालणारं औषध तेच होतं, जे डॉक्टरांनी भरून ठेवलं होतं.

संध्याकाळी आजी शुद्धीवर आल्या. मी बघायला गेलो, तर माझ्या पांढऱ्याफटक तोंडाकडे बघून त्यांनीच विचारलं, "लेकरा, तू कोणत्या वॉर्डात हायेस?"