दाखला जोडून फेरसादर करावा

— तर रीतसर लिहा मॅडम. विषय: नक्षलवाद्यांशी बंदुकीनं बोलावं का तोंडानं, याबाबत परदेशी पेपराले पडलेली चिंता. संदर्भ: तुमचा आत्ताचा प्रश्न. हसू नका, पस्तीस वर्षं याच भाषेवर पोट भरलं मी. तुमचे गोरे साहेब गाडीतच बसणार का — बसू द्या, एसी आहे. त्यांचा मागचा लेख वाचला मी, पूर्ण, डिक्शनरी न घेता. 'भंडाऱ्याच्या घनदाट अरण्यातून' म्हणे. कुठलं अरण्य? हे शहापूर, हा हायवे, हा चहाचा ठेला, समोर ट्रकचं पंक्चर निघून राहिलं. इथं वाघही तिकीट काढून पाहावा लागते. आणि लेखात काय, तर एक प्राध्यापक म्हणते फौज पाठवा, दुसरा म्हणते चर्चा करा — दोघंही लंडनचे, दोघांले मोजून सारखी जागा. याले ते समतोल म्हणतात. आमच्या ऑफिसात टोलवाटोलवी म्हणत.

बंदूक का बोलणी, मले काहून विचारता? मधात एक टेबल असते मॅडम, ते तुमच्या पेपरात कधी येत नाही. कोंढ्याची कौशल्याबाई घ्या, धानाच्या बांधीत राबणारी बाई. पोरगा नीलेश नक्षल्यांच्या दलमात गेला. चार वर्षांनी त्याचा निरोप आला — थकलो, कोणी जबाबदार माणूस बोलाले आला तर बंदूक टाकतो. बाईनं कलेक्टर ऑफिसात अर्ज केला. म्हणजे पाहा, चर्चा मागाले प्राध्यापक नाही आला, ती आली, एसटीनं, उन्हाची. बाबूनं अर्ज पाहिला. रहिवासी दाखला नव्हता. लाल शाईनं शेरा मारला — दाखला जोडून फेरसादर करावा. नियमच आहे तसा, चूक काहीच नाही. ग्रामसेवक रजेवर, दाखल्याले अकरा दिवस लागले. नवव्या दिवशी चकमक झाली.

कोणता बाबू? असते एखादा. नाव घेऊन काय करता? त्यानं ठरवलं असतं तर तसाच वर पाठवता आला असता कागद, दाखला मागाहून घेता आला असता — पण साहेब विचारतील, छाननी कोणी केली, मग मी काय सांगू —

पेन काहून थांबला? लिहा. त्या शेऱ्याचं अक्षर माझंच आहे. सुंदर आहे, साहेब तारीफ करत.

त्या चकमकीतले दोन मुडदे बेवारस म्हणून पुरले. त्यातला एक नीलेश का, हे तपासा, डीएनएसाठी बाईचं रक्त घ्या, असा अर्ज रिटायर झाल्यावर मीच लिहून दिला. दाखला सगळ्यात वर टाचला. दर सोमवारी विचाराले जातो. माझ्याच खुर्चीवरचा नवा बाबू मान वर न करता म्हणते, येईल काका. आणि ती बाई — दोन ताटं वाढते अजून. मले भाऊ म्हणते, शिदोरी बांधून देते. तो शेरा कोणाचा, तिनं कधी विचारलं नाही. तुम्हीही सांगू नका.

जा आता, साहेब हॉर्न वाजवून राहिले. फौज अर्धं पान, चर्चा अर्धं पान, छापा खुशाल. खाली जागा उरली तर एवढंच टाका — कौशल्याबाई, राहणार कोंढा, यांचा अर्ज दोन वर्षं चार महिन्यांपासून प्रलंबित आहे.