फादरच्या पोटात राहतं

लढाईच्या दिवसांतली ती कोळशावरची मोटार काही केल्या सुरू होईना, तेव्हा तासगावच्या थांब्यावर बसल्या बसल्या बनुबाईनं शेजारच्या दोघांकडं कान लावला.

"जोतीराम, पोरगं पाद्र्याच्या शाळंत रमलं का रं?"

"रमलं की, कृष्णात. तितं लय जुनी रीत हाय. दर शनवारी किरिस्ताव पोरं गुडघं टेकून आपली पापं फादरला सांगत्यात."

"आन् फादर गावभर करतो?"

"मेला तरी कुणाला सांगत न्हाई."

"बायकूला बी?"

"फादरला बायकू नसती."

"मग बरोबर हाय! गड्या, मला बी एकदा न्हे की तितं."

"तू रं काय पाप केलंस? मला सांग की."

बनुबाई वीतभर पुढं सरकली.

"तुला कसं सांगू? बोकड तुझाच हुता!"