गुलाबाखाली बोललेलं

...वर घरचे मलाच विचारतात, एवढी आनंदाची गोष्ट लपवलीस का? अहो, लपवतंय कोण? तुम्हाला सांगतो, सगळी चूक त्या गुलाबाची. आणि गुलाब माझ्याच हातचा, प्लास्टरचा, सरांच्या जेवणाच्या खोलीत छताला मधोमध बसवलेला. सर म्हणजे निवृत्त शिक्षक, लॅटिनवेडे. मी शिडीवर पाकळ्या घासतोय आणि खाली सर सुरू... "सब रोझा, म्हणजे गुलाबाखाली! प्रेमाच्या देवानं मौनाच्या देवाला गुलाब दिला. का? तर आपल्या आईची लफडी त्यानं फोडू नयेत म्हणून. म्हणून जेवणाच्या दालनात छताला गुलाब. गुलाबाखाली बोललेलं बाहेर जात नाही." मी सातवीत शाळा सोडलेला. मान हलवली, तर भुकटी डोळ्यात.

ती भुकटी काढली काकूंच्या भाचीनं. काकू म्हणजे सरांच्या बायको. भाची चष्म्याच्या दुकानात कामाला, दुपारी तिथं जेवायला येते. तेव्हापासून माझं काही खरं नाही. पण बोलणार कसं? समोर माणूस आलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हटलं, काकूंना सांगू... काकूंना सांगितलं की अर्ध्या तासात गल्लीला कळतं, भाचीला नाही कळणार? शिडीवरून, तोंड छताकडे करून, सांगून टाकलं एका दमात. काकू हरखल्या. मग वर गुलाबाकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

आठ दिवस! हू नाही की चू नाही. जन्मात पहिल्यांदा काकूंच्या पोटात काही राहिलं, ते नेमकं माझं. विचारलं तर म्हणतात, गुलाबाखाली बोललेलं बाहेर जात नाही. आणि शनिवारी काम संपणार... मग त्या घरात मी जाणार कोणत्या निमित्तानं?

शनिवारी भाची आली, शिडी धरून उभी राहिली. म्हणाली, "मला कुणी काही सांगितलेलं नाही. पण एक फूल घासायला आठ दिवस कोण लावतं? माझं हो आहे."

शिडी तिनं धरलेली होती म्हणून वाचलो.

आता सांगा, झालं ना सगळं? छे. काकू दारातच उभ्या. म्हणाल्या, गुलाबाखाली ठरलेलं मी तिच्या आईला कसं सांगू? अंगणात ये आणि तिला पहिल्यापासून विचार.

म्हणजे तेच सगळं पुन्हा... आणि अंगणाला, तुम्हाला सांगतो, तोंड करायला छतसुद्धा नाही.