गोड शेवटांची पुस्तकं

वाचनालयाच्या रांगेत, डोळ्यांना पट्टी बांधलेल्या आजींनी विचारलं म्हणून शिक्षिकेने हातातल्या कादंबरीचं नाव सांगितलं. वर, "शेवटी नायिका मरते हो," हेही सांगून टाकलं. आजी रोज पुस्तक वाचून दाखवणाऱ्या नवऱ्याकडे वळल्या.

"मरते? तुम्ही तर तिचं लग्न लावून दिलंत!"

"तुला रडकं आवडत नाही ना."

"आणि रहस्यकथेतला खुनी? शरण आला म्हणालात!"

"पळाला. तुला झोप लागली नसती."

"कर्म माझं! युद्धकथेत एकही माणूस मेला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

"अगं, हळू बोल."

"हळू विचारते. डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर नेऊन काय सांगितलं?"

"महिन्याभरात दिसेल म्हणून."

"ते तुमचं झालं. त्यांनी काय सांगितलं?"

रांग पुढे सरकली. शिक्षिकेच्या मागची दोघं सरकली नाहीत.